जोर आवरायला शिकताना: एमएमएचे पहिले तीन महिने

एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’च्या पहिल्या वर्गात नवखा माणूस बहुधा चौथ्या-पाचव्या मिनिटालाच गळून जातो. रोज पाच-सहा किलोमीटर धावणाराही गळतो, तेव्हा दोष दमाचा नसतो. तो श्वास कोंडून धरतो, हे खरं कारण. दात आवळलेले, खांदे कानांना टेकलेले, मुठी वळून पांढऱ्या पडलेल्या आणि प्रत्येक ठोशात अंगातली सगळी ताकद. पॅडवर तीन मिनिटांचा एक राऊंड असा मारला की दुसऱ्या राऊंडला हात वर राहत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही एकच गोष्ट परत परत सांगतो: ठोसा सुटताना फुसकन श्वास सोडा आणि मूठ फक्त लागायच्या क्षणी आवळा. बाकी वेळ हात सैल. येणारा प्रत्येक जण मारायला शिकायला येतो. पहिले तीन महिने मात्र जोर कुठे लावायचा नाही, हे शिकण्यात जातात.

या खेळात तीन गोष्टी एकत्र शिकाव्या लागतात: उभ्यानं मारामारी, पकडीतून पाडणं आणि जमिनीवरची झटापट. तिसरी गोष्ट नव्या माणसाला सगळ्यात परकी वाटते, आणि तिला इतकं महत्त्व का, असा प्रश्न हमखास येतो. १२ नोव्हेंबर १९९३ला अमेरिकेत डेन्व्हरमध्ये यूएफसी या एमएमएच्या लढती भरवणाऱ्या संस्थेची पहिली स्पर्धा झाली. तिथे रॉइस ग्रेसी या ब्राझिलियन जुजित्सूच्या खेळाडूनं एकाच रात्रीत तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणलं, तेही ठोशांवर नाही, तर त्यांना जमिनीवर नेऊन. जमिनीवर काय करायचं हे ज्याला माहीत नाही, त्याची उभ्याची ताकद खाली काही कामाची राहत नाही, हे त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून तिन्ही अंगं शिकल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

सामानाची घाई करू नका. पहिल्या महिन्याला लागतं ते एवढंच: रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा ताणता येणारा सदरा), खिसे किंवा चेन नसलेली चड्डी (खिशात जोडीदाराचं बोट अडकून मोडू शकतं), हाताला बांधायच्या पट्ट्या, दातांवर बसवायचा माउथगार्ड आणि पुरुषांसाठी कप (जांघेचं कवच). ग्लोव्ह्ज घ्यायचे तर आधी १६ औंसांचे, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचे घ्या. सामन्यात दिसतात ते बोटं उघडी असलेले चार औंसांचे ग्लोव्ह्ज बहुतेकांना आधी हवे असतात. पण त्यांची गादी पातळ असते. सरावात ते घालून डोक्यावर मारणं म्हणजे जोडीदाराला जायबंदी करणं. पकडीच्या सरावासाठी सहा-सात औंसांचे, जाड गादीचे वेगळे मिळतात. ते तिसऱ्या महिन्यात घेतले तरी चालतात.

माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा असतो. पाकिटावर लिहिलेली वेळ घड्याळ लावून पाळा. जास्त उकळला की तो गोळा होतो, कमी उकळला की बसत नाही. चावताना ओठ मिटून आतली हवा ओढून घ्या आणि बोटांनी बाहेरून हिरड्यांवर दाबा. मग थंड पाण्यात टाका. तोंड उघडल्यावर तो वरच्या दातांना आपणहून चिकटून राहिला तर जमला. पडत असेल तर पुन्हा गरम करा. दात आवळून धरावा लागणारा माउथगार्ड श्वास अडवतो, आणि मग पहिल्या दिवसाची तीच गत.

हाताच्या पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मनगटाची बरीच दुखणी इथेच सुरू होतात. पट्टी साडेचार मीटरची घ्या. छोट्या पट्टीत एकतर मनगट उघडं राहतं, नाहीतर मुठीची हाडं. अंगठा फाशात घालून पट्टी हाताच्या मागच्या बाजूनं मनगटाकडे न्या. तळव्याच्या बाजूनं सुरुवात केली तर मूठ वळताच पट्टी सैल पडते. मनगटाला तीन वेढे. मग बोटं पूर्ण फाकवून मुठीच्या हाडांवरून तीन वेढे. इथे बोटं जुळवून ठेवली की पट्टी आत्ता छान घट्ट वाटते आणि मूठ वळल्यावर बोटांत मुंग्या येतात. त्यानंतर करंगळी-अनामिका, अनामिका-मधलं, मधलं-तर्जनी अशा प्रत्येक फटीतून एकेक वेढा, दर वेळी मनगटावर परत येऊन. शेवटी अंगठ्याला एक वेढा आणि उरलेली सगळी पट्टी मनगटावर. मूठ वळून पाहा: हाडांवर गादीसारखं वाटलं पाहिजे, मनगट वाकवताना अडलं पाहिजे आणि नखं निळसर पडता कामा नयेत. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडावर लागला पाहिजे. करंगळीच्या बाजूनं लागला की तिच्यामागचं तळहाताचं हाड मोडतं. मुठीचं सगळ्यात नेहमीचं फ्रॅक्चर हेच.

पहिले दोन आठवडे उभं राहणं, सरकणं, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि क्रॉस (मागच्या हाताचा) यांतच जातात. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, मागची टाच किंचित उचललेली, गुडघे नरम, हनुवटी खाली. बॉक्सिंग शिकून आलेला माणूस इथे अडखळतो, कारण त्याची उभं राहण्याची पद्धत अरुंद आणि ताठ असते. पुढचा पाय आत वळलेला असतो, आणि त्या पायावर लाथ बसायला व पकड पडायला दोन्हीला सोपं जातं. लाथेच्या बाबतीत दोन चुका सगळे करतात. एक म्हणजे पावलाच्या वरच्या भागानं मारणं. तिथली हाडं बारीक असतात, समोरच्याच्या गुडघ्यावर किंवा कोपरावर आपटली तर मोडतात. लाथ नडगीनं मारायची. दुसरी चूक जास्त महागात पडते: टेकलेला पाय न फिरवणं. कंबर फिरते, पाऊल मॅटला चिकटून राहतं आणि पिळा पडतो तो गुडघ्यात. टेकलेल्या पायाची टाच समोरच्याकडे वळली पाहिजे. भिंतीला हात टेकून, लाथ न मारता नुसती ही टाच वळवण्याचा सराव दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास वेळा करावा.

पडायचं कसं, हे पाडायच्या आधी शिकवलं पाहिजे. पडता पडता हात मागे टेकवायचा ही उपजत सवय असते. तीच मनगट, कोपर किंवा गळपट्टीचं हाड मोडते. मागे पडताना हनुवटी छातीला, पाठ गोल आणि दोन्ही हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, तळवे खाली करून मॅटवर सपाट आपटायचे. हात खांद्यांच्या रेषेत आडवे फेकले तर धक्का खांद्यांत जातो. सुरुवात झोपूनच करा, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं. प्रत्येक पायरीवर वीस-वीस वेळा. हे कंटाळवाणं आहे, आणि ज्या ठिकाणी हे न शिकवता पहिल्याच दिवशी एकमेकांना पाडायला लावतात तिथून निघून यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाडण्याची पहिली ओळख होते ती कुस्तीतल्या दुहेरी पटानं, म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय धरून पाडण्यानं. कुस्ती पाहिलेल्याला तो माहीत असतो, म्हणूनच फसतोही. कंबरेतून वाकून कुणी पायांकडे झेपावतो, डोकं खाली जातं, मान पुढे येते. समोरच्याला फक्त हात मानेभोवती घालायचा उरतो. या पकडीला गिलोटिन म्हणतात, आणि नवख्यांना ती सगळ्यात जास्त वेळा बसते. उंची गुडघ्यांतून कमी करा. पुढचं पाऊल समोरच्याच्या दोन पावलांच्या मध्ये पडलं पाहिजे, नजर वर, कान त्याच्या बरगड्यांना घट्ट लागलेला, हात त्याच्या गुडघ्यांमागे. मग सरळ न रेटता, डोकं ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला तिरकं रेटायचं. कान बरगडीला चिकटलेला असेल तर गळ्यात हात घालायला जागाच राहत नाही. जोडीदाराला सांगा: प्रत्येक वेळी मानेभोवती हात घालून बघ. जागा सापडली तर पट चुकला.

पट अडवायला स्प्रॉल करतात. पाय मागे फेकून कंबर खाली टाकायची. नवखे हातांनी ढकलतात आणि कंबर वरच ठेवतात. वजन पडायला हवं ते कंबरेचं, समोरच्याच्या खांद्यांवर.

आणि एक कुस्तीची सवय मोडावी लागते. कुस्तीत पाठ टेकली की चीतपट, म्हणून पडलेला पैलवान झटकन पोटावर वळतो. एमएमएमध्ये पाठीवर असणं ही हार नाही. पोटावर वळलात तर पाठ दिलीत, आणि मागून गळ्याभोवती हात येतो. कुस्तीतून आलेल्यांना हे समजायला एक दिवस लागतो, अंगवळणी पडायला महिने.

जमिनीवरचा पहिला मुक्त सराव कसा होतो ते जवळून सांगतो, कारण तो जवळजवळ सगळ्यांचा सारखाच होतो. तुम्ही पाठीवर, जोडीदार छातीवर बसलेला. याला माउंट म्हणतात. त्याचं वजन पंचाहत्तर किलो असलं तरी दुप्पट वाटतं, कारण त्याला वजन कुठे टाकायचं ते कळतं. श्वास वरवरचा होतो. पहिली हालचाल आपोआप घडते: दोन्ही हात सरळ करून त्याची छाती ढकलणं. तो तेवढ्यासाठीच थांबलेला असतो. सरळ झालेला एक हात तो छातीशी कवटाळतो, पाय तुमच्या तोंडावरून पलीकडे टाकतो, मागे झुकतो, आणि तुमचं कोपर त्याच्या कंबरेवर ताणलं जातं. झाला आर्मबार. ढकलायला सुरुवात केल्यापासून पाच-सहा सेकंद. पुन्हा बसतात, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला हात थरथरायला लागतात.

यातून सुटायचं तर आधी ढकलणं बंद करायचं. कोपरं बरगड्यांना चिकटवून ठेवा आणि दोन पूर्ण श्वास घ्या. मग त्याचा एक हात मनगटाजवळ आणि कोपराच्या वर धरून छातीशी दाबा, त्याच बाजूचं त्याचं पाऊल तुमच्या पावलानं बाहेरून अडवा, टाचा कंबरेजवळ ओढा आणि कंबर उचला. सरळ वर उचललीत तर तो परत जागेवर बसतो. त्याच बाजूच्या खांद्यावरून तिरकं उलटवायचं. त्या बाजूचा हात आणि पाय अडवलेले असल्यामुळे त्याला टेकायला काही उरत नाही. दुसरा मार्ग कुशीवर होऊन कंबर मागे सरकवण्याचा, कोळंबीसारखा. कोपर आणि गुडघा एकमेकांना भेटले की मध्ये त्याचा पाय अडकतो. हे मॅटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाण्याचे व्यायाम रोज का करून घेतात, ते त्या क्षणी समजतं.

टॅप म्हणजे ‘हरलो, सोड’ अशी खूण; तिच्याबद्दल एक शब्दही हलका घेऊ नका. जोडीदाराच्या अंगावर दोनदा ठळक थाप. दोन्ही हात अडकले असतील तर पाय मॅटवर आपटा, नाहीतर तोंडानं ‘टॅप’ म्हणा. विव्हळलात, ओरडलात तरी तो टॅपच समजायचा. कोपर सरळ होत आलं की टॅप करा, दुखेपर्यंत थांबू नका. गळ्याच्या पकडीत मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध जाऊ शकते, आणि त्याआधी दुखेलच असं नाही. टाच पिळणाऱ्या पकडींपासून पहिलं वर्षभर तरी लांब राहा. तिथे ताण गुडघ्याच्या अस्थिबंधांवर येतो आणि वेदना जाणवते तेव्हा बहुतेकदा इजा होऊन गेलेली असते. पकड लावणाऱ्याचंही कर्तव्य आहे: शेवटचा भाग सावकाश. थाप कळायला आणि सोडायला वेळ मिळाला पाहिजे. झटक्यात आर्मबार ओढणारा जोडीदार कितीही तरबेज असला तरी त्याच्याशी सराव नाकारा. यात भिडेला जागा नाही.

जमिनीवरच्या सरावात एक धोका समोरच्याकडून येत नाही, शेजारच्या जोडीकडून येतो. कुणीतरी पाडलं जातं आणि तुमच्या वाकलेल्या गुडघ्यावर आडवं येऊन पडतं. त्यामुळे जोड्यांमध्ये दोन मीटर तरी अंतर हवं, आणि जवळ आलेल्या दोन जोड्यांपैकी कमी अनुभवी जोडीनं थांबून जागा बदलावी, हा चांगल्या ठिकाणी सरसकट पाळला जाणारा नियम.

स्वच्छता हा इथे तब्येतीचाच भाग आहे. नखं कापलेली, लांब केस कापडी बंधानं बांधलेले, अंगठी-कुडी काढलेली. मॅटवरून स्वच्छतागृहात जाताना चप्पल घाला आणि मॅटवर येताना काढा. सराव संपला की लगेच साबणानं अंघोळ करा, कपडे त्याच दिवशी धुवा, ग्लोव्ह्ज पिशवीत न कोंबता उघडे वाळवा. गजकर्ण एकाला झालं की आठ-पंधरा दिवसांत पाच जणांना होतं. गोल, लालसर, कडेनं खवलेदार डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणेपर्यंत मॅटवर येऊ नका. वरून चिकटपट्टी लावून येणं ही जोडीदाराची फसवणूक आहे. गरम, दुखरा, पू धरलेला फोड तर त्याच दिवशी दाखवायचा.

कानाचंही तसंच. घासून किंवा दाबून कान सुजला आणि मऊ लागला, तर कूर्चा आणि तिच्यावरच्या आवरणामध्ये रक्त साचलेलं असतं. एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे गेलं तर ते काढून दाबपट्टी बांधतात. उशीर झाला की ते घट्ट होऊन कान कायमचा गाठाळतो. घरी सुई टोचणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण. पकडीच्या सरावात कानाचं कवच घालणं हा साधा उपाय आहे, आणि तो कमीपणाचा मुळीच नाही.

दुखण्याबद्दल एक फरक ओळखायला शिका. स्नायूंचा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि मग ओसरतो. तो चालतो. सांध्यात टोचणारी, एकाच जागी बोट ठेवता येईल अशी कळ चालत नाही. आणि पहिल्या आठवड्यातच दोनशे-तीनशे बैठका, जोर, स्प्रॉल असं काही अंगावर घेतलं, दंड किंवा मांड्या फुगून कडक झाल्या आणि लघवी काळपट-तपकिरी आली, तर थेट रुग्णालय गाठा. स्नायू फुटून त्यांतले घटक रक्तात उतरलेले असू शकतात आणि ते मूत्रपिंडावर येतं. म्हणून सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. वजन झटपट उतरवण्याचे प्रयोग या काळात अजिबात नकोत.

स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी लढतीचा सराव, साधारण सहाव्या ते दहाव्या आठवड्यात सुरू होतं, आणि ते बांधलेलं असावं. एक राऊंड फक्त जॅब. एक राऊंड डोकं सोडून फक्त अंगावर. एक राऊंड एकानं पट काढायचा, दुसऱ्यानं अडवायचा. सगळं एकदम मोकळं सोडलं की दोघंही डोळे मिटून हात फिरवतात आणि कुणीच काही शिकत नाही. जोर किती, यावर कोच ‘तीस टक्के’ म्हणतात. पण तीस टक्के प्रत्येकाच्या अंगात वेगळे असतात. शिवाय लागलेला ठोसा आपण दिलेल्या ठोशापेक्षा नेहमी जड वाटतो. दोघांनीही प्रामाणिकपणे ‘जेवढं मिळालं तेवढंच’ परत दिलं तरी दर देवाणघेवाणीला जोर थोडा थोडा चढतो आणि तिसऱ्या मिनिटाला तिथे भांडण चाललेलं दिसतं. कुणाचीच नियत वाईट नसते. यावर आम्हाला उपयोगी पडलेला उपाय बोलण्याचा आहे. ठोसा जड लागला की तिथेच ‘हळू’ म्हणायचं आणि समोरच्यानं ग्लोव्हला ग्लोव्ह लावून निम्म्यावर यायचं, कारण न विचारता. राऊंड संपेपर्यंत मनात ठेवायचं नाही. हे तोंडातून निघायला लोकांना ठोसे शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

डोक्याला लागल्यावर शुद्ध गेली नाही म्हणजे सगळं ठीक, हा समज घातक आहे. डोकं जड होणं, मळमळ, उजेड नकोसा वाटणं, एकच प्रश्न पुन्हा विचारणं, पाय लटपटणं यांतलं काहीही दिसलं तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला. त्याला एकट्याला घरी सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा झोपाळूपणा असेल तर लगेच रुग्णालय. परत येणंही टप्प्याटप्प्यानं: आधी चालणं, मग हलका व्यायाम, मग जोडीदाराशिवाय सराव, प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस. अंगाला अंग लागणारा सराव डॉक्टरांच्या परवानगीनंतरच. हेडगार्डमुळे कातडी फाटत नाही, सूज कमी येते. मेंदूला बसणारा हादरा त्यानं थांबत नाही, म्हणून हेडगार्ड घातलंय तर जोरात मार, हा हिशेब चुकीचा.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास भिंतीचा सराव येतो. एमएमएला इतर खेळांपासून वेगळं काढणारा भाग हाच. रिंगणाची जाळी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे पडलेल्याला तिचाच आधार घेऊन उठावं लागतं. सरावात जाळीच्या जागी भिंत. कंबर सरकवत भिंतीपर्यंत या आणि पाठ टेकवून ताठ बसा. एक हात समोरच्याच्या काखेखालून वर घाला, दुसरा तळवा मागे मॅटवर टेकवा. त्या टेकलेल्या हाताच्या बाजूचं पाऊल अंगाखाली ओढा, मग दुसरं. पाठ भिंतीला घासत वर चढा आणि काखेत घातलेल्या हाताच्या बाजूला वळून त्यालाच भिंतीकडे फिरवा. पाय लांब सोडून बसलात तर तो दोन्ही पाय एकत्र बांधून टाकतो. डोकं खाली झुकलं तर पुन्हा गिलोटिन. पहिल्या प्रयत्नांत लोक मांड्या पेटेपर्यंत एका दमात उठायला बघतात आणि अर्ध्यावर घसरून बसतात. त्यांना आम्ही प्रत्येक पायरीवर थांबून एक श्वास घ्यायला लावतो: बसल्यावर एक, काखेत हात गेल्यावर एक, पहिलं पाऊल आत आल्यावर एक. जोडीदारानं वजन टाकत राहायचं, घाई करायची नाही. पाच मिनिटांच्या राऊंडमध्ये असं सहा-सात वेळा उठता आलं आणि शेवटच्या वेळीही तोंड मिटून नाकानं श्वास चालू असला, तर जोडीदाराला थोडा जास्त जोर लावायला सांगायची वेळ झाली.